डावीकडचा ब्रेक

“हेल्मेट? गाडीत?” अण्णांनी ते हातात फिरवून बघितलं. “का गं, आत पाऊस पडणाराय?”

“नियम आहे त्यांचा.”

“आणि ही पूर्ण बाह्यांची कापडं? एवढ्या उन्हाचं?”

“तोही नियमच आहे, अण्णा.”

“म्हणजे शर्यतीला निघालोय का कुणाच्या लग्नाला, तेच कळंना झालंय.”

“शर्यत नाही हो! कितीदा सांगू? ट्रॅक डे. आपापली गाडी घेऊन जायचं, मोकळ्या ट्रॅकवर पाहिजे तशी पळवायची आणि घरी यायचं. पहिला नंबर नाही, दुसरा नाही, बक्षीस नाही.”

“मग जायचं कशाला?” असं म्हणून अण्णांनी ते हेल्मेट गांधी टोपीवरूनच डोक्यात घालून बघितलं. ते अर्ध्यात अडकलं. आई भडंगाला फोडणी घालत होती, ती झारा घेऊनच बाहेर आली आणि त्यांना बघून पोट धरून हसली. मीही हसले. पण कशाला जायचं ते अण्णांना पक्कं ठाऊक होतं आणि मलाही.

जयसिंगपुरात भूपाल मगदूम, म्हणजे आमचे अण्णा, म्हटलं की मोटारीचा क्लास. अर्ध्या गावानं स्टिअरिंग पहिल्यांदा धरलं ते आमच्या पांढऱ्या मारुतीचं. उजव्या सीटवर शिकणारा, डाव्या सीटवर अण्णा, आणि अण्णांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा एक ब्रेक. शिकणारा चुकला की अण्णांचा पाय खाली जायचा. गाडी थांबायची. मग अण्णा शांतपणे म्हणायचे, “हं, आता काय चुकलं सांगा.” शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. म्हणून तर सासुरवाशिणी, शिक्षिका, नर्सबाया सगळ्या आमच्याकडंच यायच्या.

क्लासचा फोन मी घ्यायचे, बॅचा मी लावायचे, आरटीओचे हेलपाटे मीच मारायचे. पण डाव्या सीटवर मला बसायला मिळालं नव्हतं. आणि आता तर अण्णांनी क्लासच विकायला काढलेला. सांगलीचे एक शहा म्हणून होते, त्यांचे गावोगाव क्लास. ते सोमवारी येऊन सगळं पक्कं करणार होते. मी आठवडाभर भांडले. जेवले नाही, बोलले नाही, भांडी आपटली. शेवटी एका संध्याकाळी थेट विचारलं, “मला द्यायला काय होतंय? पोरगी आहे म्हणून का?”

“पोरगी असल्याचा काय संबंध?”

“मग?”

अण्णांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, “पद्मा, तू आजवर एकदा तरी ब्रेक मारलायस का?”

“हे काय विचारणं झालं? लायसन्स मिळून किती वर्षं झाली मला!”

“तू गाडी चालवतीस आणि मी शेजारी असतो. ब्रेक मी मारतोय. तुझा पाय माझ्या मागनं येतोय.”

मला असा राग आला म्हणता! राग आला, कारण ते खरं होतं. आमच्या घरात गाडी एकच, आणि अण्णा त्या गाडीत बसले की ते डावीकडंच बसायचे. बाजारात जा, बाहुबलीला दर्शनाला जा, आत्याकडं जा, त्यांचा पाय त्या ब्रेकवर. म्हैस आडवी आली की माझ्या डोक्यात यायच्या आत गाडी थांबलेली असायची. मी एकटीनं गाडी चालवलीच नव्हती. कधी वेळच आली नव्हती.

दोन दिवसांनी मी कागलच्या पुढच्या माळावरच्या ट्रॅकची माहिती काढली. सरनोबत नावाच्या एका हौशी माणसानं तो बांधला होता. महिन्यातून एकदा कुणालाही आपली गाडी घेऊन जाता यायचं. मी अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. “रविवारी चला. तिथं म्हैस नाही, माणूस नाही, एसटी नाही. माझी गाडी माझी मी थांबवून दाखवते. मग सोमवारी शहांना काय सांगायचं ते सांगा.”

“बघू,” अण्णा म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे होकार.

शनिवारी तयारी काढली. टपावरचा क्लासचा बोर्ड उतरवला. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, डिकीतल्या खताच्या पिशव्या, सीटखालच्या बाटल्या, जे जे म्हणून हलण्यासारखं होतं ते बाहेर आलं आणि सगळ्या अंगणात पसरलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या बशीरचाचांनी ब्रेकचं तेल बदललं, चाकं घट्ट केली, हवा मोजून भरली. दिव्यांच्या काचा फुटल्या तर ट्रॅकवर सांडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर चिकटपट्ट्या मारल्या. अण्णा कमरेवर हात ठेवून बघत होते. “वाकडी लागली ती पट्टी,” एवढंच म्हणाले. मग स्वतःच काढून सरळ लावली.

ट्रॅकवर पोचलो तर तिथं एकेक गाडी अशी की बघत राहावं. जमिनीला पोट घासणाऱ्या, लालभडक, मागनं गुरगुरणाऱ्या. त्यांच्यात आमची पांढरी मारुती. टपावर बोर्डाचे डाग, मागच्या काचेवर पुसट झालेला लाल ‘एल’. एका काळ्या गाडीवाल्यानं खिडकीतून मान काढून विचारलं, “ताई, क्लास घ्यायला आलाय?”

“व्हय. नाव घालायचंय का तुमचं?” मी म्हटलं. बरोबरचे सगळे त्यालाच हसले.

सरनोबत स्वतः प्रत्येक गाडी तपासत होता. पस्तिशीचा असेल, उन्हानं रापलेला, कानामागं पेन्सिल. त्यानं आमच्या गाडीत डोकं घातलं आणि तसंच ठेवलं.

“हे काय आहे?”

“ब्रेक,” अण्णा म्हणाले.

“तो तिकडं आहे तो?”

“तोही ब्रेक.”

“काका, पळत्या गाडीत दोन माणसं ब्रेक मारायला लागली तर मागच्यानं काय करायचं? हा काढा. नाहीतर तुम्ही बाहेर बसा. पहिल्या फेऱ्यांना शेजारी बसता येईल, पण नुसतं बसायचं.”

मला वाटलं, संपलं. अण्णा आता गाडी वळव म्हणणार. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पण त्यांनी माझ्याकडं हात केला. “पाना दे.” मग पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यासकट ते सीटखाली आडवे झाले आणि बोल्ट सोडवायला लागले. बोल्ट गंजलेले, सुटता सुटेनात. ब्रेक निघाला तेव्हा त्यांना घाम फुटला होता. तो हातात घेऊन ते इकडंतिकडं बघत उभे राहिले, कुठं ठेवायचा तेच सुचेना त्यांना. शेवटी भडंगाच्या पिशवीत घातला. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी मनातून उकळ्याही फुटल्या. खोटं कशाला बोलू!

निघण्याआधी सरनोबतनं सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. पिवळा झेंडा दिसला की हळू व्हा, काळा दाखवला की बाहेर या. आणि मागच्याला पुढं सोडायचं असेल तर ज्या बाजूनं त्यानं जावं त्या बाजूचा इंडिकेटर द्या. मी मान डोलावली. ऐकलं होतं, कळलंही होतं. पण उजवं वळण समोर आलं, अण्णा नेहमीच्या आवाजात म्हणाले, “इंडिकेटर!” आणि माझ्या हातानं उजवा इंडिकेटर दिला. जन्माची सवय.

मागच्या काळ्या गाडीला वाटलं, ताई जा म्हणतायत. तो उजवीकडनं आला. मी उजवीकडं वळले. पुढचं काय सांगू, त्याच्या गाडीचा आरसा माझ्या खिडकीतून हात काढून धरता आला असता. तो गवतात उतरला, मी कशीबशी रस्त्यावर राहिले आणि समोर काळा झेंडा.

सरनोबत खिडकीशी आला. रागावला नव्हता, हेच वाईट वाटलं. “ताई, वळण कुठं आहे ते इथं सगळ्यांना माहितीय. सांगायची गरज नाही.”

“माझी चूक आहे,” अण्णा म्हणाले. “मी सांगितलं तिला.”

“मग आता काही सांगू नका, काका.”

अण्णांनी तोंडाला कुलूप लावलं. मी त्या काळ्या गाडीवाल्याची हात जोडून माफी मागितली आणि पुन्हा आत गेलो.

दुसऱ्या फेरीला मला तो आवाज ऐकू आला. धप्. वळण आलं की धप्. अण्णांचा पाय. ब्रेक भडंगाच्या पिशवीत होता, पण पाय आपल्या जागी जाऊन पत्र्यावर आपटत होता. मला आधी हसू आलं. पुढच्या वळणाला पुन्हा धप्, आणि मी ब्रेक दाबला. त्याच्या पुढच्याला धप्, आणि मी दाबला. मग एकदम माझ्या अंगावर काटा आला. मी वळणाकडं बघून ब्रेक मारतच नव्हते. अण्णांच्या पायाच्या आवाजाची वाट बघत होते.

त्या फेरीत वेग बेताचाच होता, तरी उतारावरच्या वळणाला ब्रेक चांगले तापले. बाहेर येऊन गाडी उभी केली. “थांबली? हँडब्रेक!” अण्णा म्हणाले आणि मी ओढला. तापलेल्या गाडीला हँडब्रेक ओढून ठेवायचा नसतो, हे सगळ्या ट्रॅकवाल्यांना ठाऊक. क्लासवाल्यांना कोण सांगणार? आमच्यात हँडब्रेक न ओढता उतरणारा माणूस पापी समजतात. आम्ही सावलीत बसून भडंग खाल्ला, पाणी प्यालो, माझी पाळी आली आणि गाडी जागची हलेना. मागचं चाक धरून बसलं होतं.

“जाम झालंय,” अण्णा चाकाशी उकिडवे बसले. “निवताना आवळलं असणार. हळूहळू ठोकत राहावं लागंल.”

मग आम्ही दोघं बापलेक भर उन्हात चाकपाना घेऊन ठोकत बसलो. शेजारून एकेक गाडी सूं करून जात होती. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. घामाबरोबर ते खपून गेलं असतं, पण माझ्यानं राहवलं नाही.

“अण्णा, तुमचं खरं आहे.”

“काय?”

“मी ब्रेक मारतच नव्हते. तुमचा पाय आपटला की मारत होते. तुम्ही नसता तर मी वाट बघत बसले असते.”

अण्णांचा हात थांबला. चाकपाना त्यांनी मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांना मारलंय.

“शिरटीच्या सुजाताबाई आठवतायत?” त्यांनी विचारलं.

आठवत होत्या. नर्सबाई. गेल्या वर्षी आमच्याकडं शिकल्या, लायसन्स मिळालं तेव्हा पेढे घेऊन आल्या होत्या.

“त्या मिरजेच्या दवाखान्यात आहेत. नवी गाडी घेतली, पहिल्यांदाच एकट्या निघाल्या. रस्त्याच्या कडेला कडब्याची ट्रॉली उभी होती, तिच्यात घातली. दोन्ही पायात सळ्या घातल्यात.”

“अगंबाई! तुम्हाला कधी कळलं?”

“दर गुरुवारी जातो मी.”

आम्हाला वाटायचं, अण्णा दर गुरुवारी मिरजेला स्वतःची साखर तपासायला जातात. आई तर त्यांना म्हणून डबाही बिनसाखरेचा द्यायची.

“पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, बाई, ट्रॉली दिसली नाही का? तर म्हणाल्या, ‘दिसली की, सर. लांबनं दिसली. मी पाय उचलला आणि वाट बघितली. क्लासमध्ये थांबायची की गाडी.’” अण्णांचा आवाज फुटला. “रागानं नाही म्हणाल्या गं. साधं सांगितलं. मी थांबायला शिकवलंच नाही, पद्मा. एवढ्या वर्षांत एकालाही नाही. सगळ्यांचा ब्रेक मीच मारला आणि वरनं शाबासकी देऊन घरी पाठवलं. आता रोज झोपताना एकेकाचं तोंड आठवतंय, ह्याचं काय झालं असंल, तिचं काय झालं असंल.”

मी आठवडाभर भांडी आपटली होती. पोरगी म्हणून देत नाहीत, म्हातारपणी हट्टीपणा करतात, काय काय म्हणाले होते मी आईजवळ. आणि हा माणूस एकटाच हे उरावर घेऊन फिरत होता. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्याकडं तशी रीत नाही. मी चाकपाना त्यांच्या मांडीवरून घेतला आणि ठोकायला लागले. जरा जोरातच. टण्ण करून आवाज झाला आणि चाक सुटलं.

“सुटलं!” अण्णा ओरडले. डोळे पुसायचेही विसरले.

“आता मी एकटी जाते,” मी म्हटलं. “तुम्ही इथं उभे राहा.”

एकटीनं पहिली फेरी मी बैलगाडीच्या वेगानं केली. गाडीत इतकं शांत होतं की माझा श्वास हेल्मेटमध्ये मलाच मोठा वाटत होता. कुठं धप् नाही, कुठं कुणी नाही. वळण आलं की मी फार आधी ब्रेक दाबायचे आणि मग उगीच रांगत जायचे. दुसऱ्या फेरीत मला स्वतःचा राग आला. उताराच्या शेवटी एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं, तिथं सगळ्यात अवघड वळण. तिथं मी उशिरा दाबला. फार उशिरा. गाडीची मागची बाजू सुटली, जग गरकन फिरलं, मातीचा लोट उठला आणि मी गवतात उलट्या तोंडाची उभी. समोर, जिकडनं आले तो रस्ता.

क्षणभर काहीच कळेना. मग कळलं की मी धडधाकट आहे, गाडी धडधाकट आहे, आणि माझा पाय ब्रेकवर आहे. माझा! कुणी न सांगता गेलेला. मी हेल्मेटच्या आत वेड्यासारखी हसत सुटले. झेंडेवाला धावत आला तर त्याला वाटलं, डोक्याला मार लागला.

त्यानंतर मात्र जमत गेलं. लिंबाच्या अलीकडं पिवळ्या रंगाची पाटी होती. ती खिडकीशी आली की दाबायचं, आधी नाही आणि नंतर नाही. एकदा, दोनदा, दहादा. शेवटी शेवटी तर मी वळणातून निघताना गुणगुणत होते. किती वर्षं गाडी चालवत होते, आणि गाडी चालवायला इतकं छान वाटतं हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर आले. या वेळी हँडब्रेक नाही ओढला. अण्णा जिथं सोडले होते तिथंच उभे होते, डोक्यावर टोपी नाही, ती हातात चुरगळलेली.

“मी गरगरले तेव्हा घाबरलात?”

“मी खाली बसलो,” अण्णा म्हणाले. “नंतर उठलो.”

“आता तरी पटलं? थांबवून दाखवली ना?”

“छान चालवलीस. जीव भांड्यात पडला माझा.” मग ते टोपी सरळ करत म्हणाले, “पण क्लास उजव्या सीटवर चालत नाही, पोरी. डाव्या सीटवर चालतो. तू ब्रेक मारशील, मान्य आहे. दुसऱ्याला मारायला लावशील का? ते मला जमलं नाही. तुला कसं जमंल?”

मला खरं तर चिडायला पाहिजे होतं. एवढी धूळ खाल्ली आणि यांचं आपलं तेच. पण सुजाताबाईंचं ऐकल्यावर मला त्यांचा राग येईना. मी हेल्मेट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

“मग बसा उजवीकडं.”

“कोण? मी?”

“मी डावीकडं बसते.”

दिवस कलता कलता सरनोबत घरच्या माणसांना घेऊन फेऱ्या मारू द्यायचा. कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही, बेताबेतानं. मी त्याला विचारलं. तो अण्णांकडं बघून म्हणाला, “काका, शेवटची गाडी कधी चालवलीत?”

“रोज गाडीतच असतो मी.”

“चालवली कधी?”

अण्णा विचार करायला लागले. रोज रात्री गाडी शेडमध्ये लावायचे, तेवढीच. सरनोबत हसला. “जा. सगळ्यात मागं राहा.”

अण्णा उजव्या सीटवर बसले तेव्हा एकदम लहान दिसले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं, जसं कुणी ओढून नेणार आहे. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीला त्यांनी गाडीला जरा वेग दिला. उतार लागला, लिंब दिसायला लागला, पिवळी पाटी आली, आणि अण्णा ब्रेक मारेनात.

“अण्णा!” मी किंचाळले. “ब्रेक! ब्रेक!” आणि माझा पाय धप् करून पत्र्यावर आपटला. तिथं ब्रेकच्या जागी बोल्टांची भोकं होती फक्त. गाडी तशीच पुढं चाललेली. अण्णांनी शेवटी दाबला तेव्हा दोन चाकं गवतात गेली होती.

“किंचाळू नको,” ते म्हणाले. “कुणी किंचाळलं की माणूस पाय उचलतो.”

“मुद्दाम केलंत ना?”

“हं. पुन्हा जाऊ.”

त्या फेरीत मला कळलं की डाव्या सीटवर बसणं म्हणजे काय असतं. आपल्या हातात काही नाही. समोर सगळं दिसतंय, शेजारचा माणूस काय करणार ते ठाऊक नाही, आणि सगळा जीव उजव्या पायात येऊन बसलाय. मला अण्णांची इतकी वर्षं एकदम कळली. त्यांचा पाय का जायचा तेही कळलं. भीतीनं जायचा आणि मायेनं. मी दोन्ही पाय मागं घेतले, सीटखाली, एकावर एक घट्ट दाबून धरले.

उतार लागला. मी वेळ होण्याआधीच बोलायला सुरुवात केली, अगदी स्वयंपाकघरातनं बोलावं तशी.

“अण्णा, लिंब दिसतोय?”

“दिसतोय.”

“त्याच्या अलीकडची पाटी?”

अण्णांची मूठ स्टिअरिंगवर आवळली. त्यांच्या कपाळावर घाम होता, डोळे ताठ झालेले. त्यांनी पाय उचलला आणि तो तसाच वर राहिला. या वेळी ते नाटक करत नव्हते, हे मला शेजारी बसून स्पष्ट दिसत होतं. माणूस गोठलाय. तो वाट बघतोय. माझे पाय सीटखालनं पुढं ओढ घेत होते. मी ते बाहेर येऊ दिले नाहीत.

“पाटी खिडकीशी येईल,” मी म्हटलं. आवाज हलला नाही, देवाचीच कृपा. “आली की तुम्ही दाबायचं. तुमचा पाय. येतीय… येतीय… आता.”

आणि अण्णांनी दाबला. मारुतीनं नाक खाली घातलं, आम्ही दोघं पट्ट्यात पुढं झुकलो, गाडी लिंबाशी अशी अदबीनं वळली की बस्स. पुढचा सरळ रस्ता लागला.

“ऐकू आलं,” अण्णा म्हणाले.

“काय?”

“तू सांगितलेलं. मला वाटायचं, अशा वेळी तोंडानं सांगितलेलं कुणाला ऐकू जात नाही. म्हणून तर पाय…” पुढं त्यांना बोलता येईना. हेल्मेटच्या आत रडणाऱ्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत. काच वर करून मीच त्यांच्या गालावरून हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा.

“पुढं बघा,” मी म्हटलं. “वळण येतंय.”

“दिसतंय,” अण्णा म्हणाले आणि कुणी न सांगता त्यांनी ब्रेक मारला.

बाहेर आलो. गाडी सावलीला लावली. त्यांनी हेल्मेट काढलं, केस विस्कटलेले, आणि खिशातनं फोन काढून नंबर लावला. मी पाणी आणायला निघाले होते, तिथंच थांबले.

“हां, शहा, मगदूम बोलतोय. उद्या येऊ नका… नाही, तसं काही नाही. क्लास द्यायचा नाही ठरलंय… अहो, शिकवायची पद्धत बदलायचीय आम्हाला. पाय काढून घ्यायचाय, तोंड वापरायचंय. तुमच्याकडं ते होणार नाही… मी नाही, पोरगी बसणार डावीकडं. बसून बघितलं ना मी तिच्या शेजारी. व्हय, शिकाऊ म्हणून!”

फोन ठेवला. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, “उद्या सकाळी सहाची बॅच कुणाची हाय?”

“पोस्टातल्या कुंभोजकर मॅडमची. नवीनच आहेत. फार घाबरतात.”

“तू घे,” अण्णा म्हणाले. “मी झोपणाराय.”